पॅनेल किती वीज देतंय?

छतावरचं सौर पॅनेल नीट चालतंय का, हे पाहायला साधा मल्टिमीटर पुरतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक धनाला, काळं ऋणाला. शंभर वॅटच्या, 36 सेलच्या पॅनेलवर काहीही न जोडता साधारण 21–22 व्होल्ट दिसतात. मे महिन्याच्या दुपारी मात्र एकोणीसच दिसले तर घाबरू नका. मागच्या पट्टीवरचे आकडे 25 अंश तापमानाचे असतात. तापलेलं पॅनेल 65 अंशांवर जातं आणि दर अंशामागे व्होल्टेज सुमारे 0.3 टक्क्याने घटतं.

पण नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नये. ढगाळ हवेतही ते बऱ्यापैकी टिकतं; घसरतो तो प्रवाह. तो मोजायला लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या खाचेत घालून टोकं थेट पॅनेलला लावायची, तीही काही सेकंदच. म्हणजे चक्क शॉर्ट सर्किट! पॅनेलला ते सोसतं, कारण त्याचा प्रवाह उन्हाने ठरतो. भर उन्हात इथे सहाएक अँपिअर. बॅटरीवर हा प्रयोग कधीही करू नका. टोकं काढण्याआधी पॅनेल गोणपाटाने झाका, म्हणजे ठिणगी उडत नाही. आणि लाल वायर लगेच व्होल्टच्या खाचेत परत. हे विसरून मी एक फ्यूज उडवलाय.

पाचशे वॅटची पॅनेलं 10 अँपिअरच्या वर जातात. तिथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच हवा. साधा क्लॅम्प फक्त एसी दाखवतो. ओळीने जोडलेल्या पॅनेलांत शेकडो व्होल्ट असतात, ते काम जाणकारालाच द्या.