कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

दहा बाय दहाच्या खोलीत कसला आला आहे खाजगीपणा, असे आपल्यातलेच शिकलेले लोक बोलतात. मला हे म्हणणे मुळीच मान्य नाही. ज्याच्या घराला धड दार नाही, त्यालाच दाराची किंमत अधिक कळते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो काही घराचे चौरस फूट मोजून नव्हे.

खरा प्रश्न कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे, हा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन येथील शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. चोरीला गेलेले यंत्र शोधण्यासाठी दूर बसून वेबकॅम चालू करण्याची सोय त्यांत होती. यंत्र सापडल्यावरही काही ठिकाणी ती चालूच राहिली. २०१० च्या फेब्रुवारीत एका विद्यार्थ्याच्या पालकांनी दावा लावला, तेव्हा हजारो छायाचित्रे बाहेर आली. त्यांत घरातली, अंथरुणात झोपलेली मुले होती. अखेर ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड झाली. फुकट मिळालेल्या वस्तूची किल्ली बहुधा देणाऱ्याकडेच राहते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये.

कॅमेऱ्याशेजारचा दिवा विझलेला असला म्हणजे कॅमेरा बंद, अशीही एक समजूत आहे. २००८ पूर्वीच्या काही मॅकबुकमध्ये दिवा न पेटविता कॅमेरा चालविता येतो, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. म्हणून वेबकॅमवर कागदाचा तुकडा चिकटवा, असे मी सांगत असतो. हसणारे हसोत.

हे झाले दूरचे. चंडीगडला महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जी घड्याळे बांधली, त्यांत ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा होती, कॅमेराही होता. संडासात गेल्यावर हा कॅमेरा चालू असतो की बंद, अशी धास्ती झाडूवाल्या बायांनी बोलून दाखविली. नागपुरातही ठावठिकाणा टिपणारी घड्याळे आली. हे कामगार बहुतांशी कोणत्या वस्त्यांतून येतात, ते वाचक जाणतातच.

आता स्वतः काढलेल्या फोटोविषयी. मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात ठिकाण आणि वेळ लिहिली जाऊ शकते. मूळ फाईल पाठविली की तीही सोबत जाते. ‘एकदाच पाहता येईल’ असा पाठविलेला फोटोही दुसऱ्या मोबाईलने टिपता येतो. म्हणजे एकदा हातचा गेलेला फोटो परत येईल, ही आशा धरू नये.

पण ‘मुलींनो, फोटोच काढू नका’ असे बजावून मोकळे होणारे वडीलधारे मला पटत नाहीत. धमकी देणारा गुन्हेगार, की फोटोतली मुलगी? भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ याबाबत स्पष्ट आहे : स्त्रीने असा खाजगी फोटो काढू दिला असला, तरी तो तिच्या संमतीवाचून पसरविणे गुन्हाच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. स्टॉपएनसीआयआय नावाची सेवा २०२१ पासून आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. त्याचा अंकांतला ठसा तेवढा आपल्याच मोबाईलवर तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून अडवितात. पोरीने रडत घरी येऊन सांगितले तर आधी तिला जेवू घालावे, धमकीचे संदेश पुसू न देता जपून ठेवावेत, आणि मग तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे.