कोड तोच, सर्व्हर तोच. मग अ‍ॅप अचानक मंद का होतं?

काल दोन सेकंदांत उघडणारा रिपोर्ट आज दहा मिनिटं फिरत राहतो. कोड बदललेला नाही, सर्व्हरही तोच आहे. अशा वेळी एक शक्यता आधी तपासायला हवी : डेटाबेसकडची आकडेवारी शिळी झाली आहे का?

ही आकडेवारी कशासाठी?

डेटाबेसला क्वेरी दिली की तो थेट शोधायला लागत नाही. इंडेक्स वापरून मोजक्या नोंदी काढायच्या की अख्खं टेबल वाचायचं, हे आधी त्याचा 'ऑप्टिमायझर' ठरवतो. प्रत्येक मार्गाच्या खर्चाचा अंदाज बांधून निवड करण्याची ही पद्धत आयबीएमच्या संशोधकांनी १९७९ मध्ये 'सिस्टम आर'वरील शोधनिबंधात मांडली.

अंदाजासाठी माहिती लागते : टेबलात नोंदी किती, कोणत्या रकान्यात कोणती मूल्यं वारंवार येतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस ती शितावरून भाताची परीक्षा करावी तशी मिळवतो. टेबल कितीही मोठं असलं, तरी मूळ सेटिंगमध्ये सुमारे ३०,००० नोंदींचा नमुना घेतला जातो.

चूक कुठे होते?

पोस्टग्रेस हे काम आपोआप करतो, पण टेबलातल्या साधारण १० टक्के नोंदी बदलल्यावर. दहा हजार नोंदींच्या टेबलाला हे पुरतं. दहा कोटींच्या टेबलात मात्र एक कोटी बदलांची वाट पाहिली जाते. रोज एक लाख ऑर्डर येत असतील, तर तब्बल १०० दिवस!

समजा, मधल्या काळात 'गिफ्ट कार्ड' हा नवा पेमेंट प्रकार सुरू झाला आणि त्याच्या दोन लाख ऑर्डर आल्या. जुन्या आकडेवारीत हा प्रकारच नाही. ऑप्टिमायझरला वाटतं, एखाद-दुसरी नोंद असेल. म्हणून तो एकेक ग्राहक शोधण्याचा मार्ग निवडतो आणि तो शोध दोन लाख वेळा घ्यावा लागतो.

मग आकडेवारी कधी गोळा करायची?

- मोठा डेटा भरल्यावर लगेच, रिपोर्ट चालवण्याआधी 'अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा द्यावी. त्यामुळे टेबलातलं वाचन-लेखन थांबत नाही.
- तात्पुरत्या टेबलांपर्यंत स्वयंचलित यंत्रणा पोहोचत नाही. तिथे ही आज्ञा स्वतःच द्यावी लागते.
- अवाढव्य टेबलासाठी १० टक्क्यांची मर्यादा १ टक्क्यावर आणता येते.
- एखाद्या रकान्यात मूल्यांची विभागणी फारच विषम असेल, तर फक्त त्याच्यासाठी नमुना मोठा करावा.
- ज्या जुन्या टेबलात काहीच बदलत नाही, तिथे पुन्हा पुन्हा आकडेवारी घेण्यात अर्थ नाही.

दोष इथेच आहे, हे कसं ओळखायचं?

'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' क्वेरी प्रत्यक्ष चालवून अंदाजित आणि खऱ्या नोंदींचे आकडे शेजारी-शेजारी दाखवतं. अंदाज १ आणि प्रत्यक्षात २ लाख दिसले, तर महागडा सर्व्हर घेण्याआधी आकडेवारी ताजी करून पाहावी.