बंगालच्या उपसागरातील वादळ आणि आपली वस्ती : इशारा शेवटच्या घरापर्यंत कसा पोहोचेल?

चक्रीवादळ म्हटले की कोकणचा नाहीतर ओडिशाचा किनारा आठवतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड-लातूरचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण सप्टेंबर २०२१ आठवून पाहा.

२६ सप्टेंबरला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्र-ओडिशाच्या सीमाभागात किनाऱ्याला धडकले. जमिनीवर येताच वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाऊस संपला नव्हता. तेलंगणामार्गे ते मराठवाड्यावर आले आणि २७ व २८ सप्टेंबरला लातूर, बीड, धाराशिव, नांदेड जिल्ह्यांत धो धो कोसळले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. २८ तारखेला नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून वाहून गेली आणि माणसे दगावली. याच वादळाचे अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळ धरून 'शाहीन' झाले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले.

म्हणजे वादळ किनाऱ्याला लागल्यापासून आपल्याकडे पाऊस कोसळेपर्यंत साधारण एक दिवस हातात होता. या एका दिवसात काय होते आणि काय व्हायला हवे, हे समजून घेऊ.

वादळावर नजर कशी ठेवतात?

हे काम भारतीय हवामान विभागाचे. इन्सॅट मालिकेतील उपग्रह ढगांची छायाचित्रे पाठवतात, समुद्रात तरंगणारी यंत्रे वारा आणि हवेचा दाब मोजतात आणि वादळ जवळ आले की किनाऱ्यावरची डॉप्लर रडार त्याच्यावर लक्ष ठेवतात. कमी दाबाच्या क्षेत्रातील वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. ही नावे १३ देशांनी मिळून सुचवलेली आहेत. 'गुलाब' पाकिस्तानने सुचवलेले होते, 'शाहीन' कतारने.

इशारा चार टप्प्यांत निघतो. किनाऱ्यावर खराब हवामान सुरू होण्याच्या ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा आणि २४ तास आधी प्रत्यक्ष धोक्याचा इशारा. चौथा टप्पा वादळ धडकण्याच्या सुमारे १२ तास आधीचा. त्यात वादळ जमिनीवर आल्यानंतर कुठे सरकेल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे सांगितलेले असते. आपल्यासाठी हा चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, पण तोवर टीव्हीवरचे कॅमेरे किनाऱ्यावरच असतात.

यासोबत प्रत्येक जिल्ह्यासाठी रोज रंगांचा इशारा येतो. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. आपल्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर ओलांडले की सरकारदरबारी अतिवृष्टी मानतात. पंचनाम्याच्या वेळी हा आकडा कामी येतो.

नद्यांच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. हा आयोग १९४५ साली स्थापन झाला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि हे खाते त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकला ओडिशातील नद्यांच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षही तेच होते. नदीचा अभ्यास करून, आकडे मांडून पुराला तोंड द्यायचे, ही वाट आपल्यासाठी नवी नाही.

साखळी तुटते कुठे?

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले, सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले. या वेळी जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले होते, त्यामुळे बळींची संख्या काही डझनांवर थांबली. मधल्या काळात अंदाज सुधारला. त्याचबरोबर निवारे बांधले गेले आणि गावागावांत कुणी कुणाला बाहेर काढायचे हे ठरले.

वारंवार टायफून झेलणाऱ्या हाँगकाँगमध्येही हेच दिसते. ८ नंबरचा सिग्नल लागला की शाळा बंद होतात आणि बहुतेक लोक काम थांबवून घर गाठतात. काय करायचे, हे त्या दिवशी कुणाला विचारावे लागत नाही.

आपल्याकडे इशारा जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील, तलाठी, ग्रामपंचायत असा उतरतो. तिथून पुढे तो वस्तीत पोहोचेल याची खात्री नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांना पाण्याने रात्रीतून वेढले. शेकडो लोक अडकले, हसनाळमध्ये माणसे मेली, लष्कराला बोलवावे लागले. लोक झोपेत असताना मोबाइलवर आलेला संदेश पाहणार कोण?

त्यातही अनेक गावांत बौद्ध, मातंग, भटक्या समाजांची घरे गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या सखल जागेत आहेत. पाणी तिथे आधी शिरते आणि सूचना शेवटी येते. निवाऱ्यातही जात पाठ सोडत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील मदत छावण्यांत दलितांशी भेदभाव झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून निवाऱ्याची जागा पावसाळ्याआधीच पाहून ठेवणे हा आपल्या हक्काचा भाग आहे.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक विहारातल्या तरुणांनी पाच-सात जणांचा गट करावा आणि कामे वाटून घ्यावीत.

१. पाऊसकाळात एकाने रोज सकाळ-संध्याकाळ हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहावा. 'सचेत' ॲप आपत्तीचे इशारे देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असल्याचे सांगते. मराठवाड्यात शेतात काम करणाऱ्यांचा जीव विजेने जातो, म्हणून हे ॲप शेतमजुरांच्या फोनवर हवेच.

२. वरच्या धरणांकडे लक्ष असू द्या. जायकवाडीतून विसर्ग वाढला की विष्णुपुरी आणि नांदेडपर्यंत गोदावरी फुगते. आपल्याकडे ऊन पडलेले असतानाही पूर येऊ शकतो.

३. एकटे म्हातारे, गरोदर बाया, अपंग, ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी मागे राहिलेली मुले, यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे त्यांना बाहेर काढणाऱ्याचे नाव लिहा.

४. नारिंगी इशारा आला की विहाराच्या भोंग्यावरून वस्तीला सांगा, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला लावा. लाल इशारा आला की ओढ्याकाठची घरे अंधार पडायच्या आत हलवा.

५. शाळेची किंवा समाजमंदिराची किल्ली कुणाकडे आहे, हे आजच विचारून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवा.

आपल्या आजा-पणजांवर गावाचा सांगावा पोहोचवण्याचे काम जातीने लादले होते. दवंडी, मयतीची खबर, पाटलाचा हुकूम घेऊन ते रात्री-अपरात्री धावत. ते जोखड आपण फेकून दिले. आता हे काम करायचे ते कुणाच्या हुकमाने नाही, आपल्या आणि शेजाऱ्याच्या जिवासाठी.

आणखी एक. पावसाळ्यानंतरचा वादळांचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, आणि त्याच दिवसांत धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नांदेड-लातूरहून आपल्या गाड्या नागपूरला निघतात. निघण्याआधी वाटेवरच्या प्रत्येक जिल्ह्याचा इशारा पाहा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. गुडघाभर वाहते पाणी माणसाला पाडते आणि दोन फूट पाणी गाडी उचलते. ड्रायव्हर घाई करत असेल तर सगळ्यांनी मिळून त्याला थांबवा. दीक्षाभूमीवर दोन तास उशिरा पोहोचलो तरी चालेल.