धार काढण्याआधीची पाच मिनिटं



मागच्या पावसाळ्यात माण तालुक्यातल्या एका गटाच्या मासिक बैठकीला गेले होते. वही उघडली तर एका ताईंचा हप्ता थकलेला. गटाच्या कर्जातून घेतलेली त्यांची म्हैस व्यायली, पण रेडकू दगावलं आणि म्हशीनं पान्हा चोरला. डेअरीला घालायला दूधच नाही. शेजारचे म्हणाले, "दुधाची सुई टोचा, लगेच सोडेल." खरं सांगते, मलाही वाटलं, काय हरकत आहे? पण ताईंच्या सासूबाई ऐकेनात. "लेकरू गेलंय तिचं. सुईनं ते परत येतंय व्हय?"

त्या दोन्ही वेळा धारेआधी म्हशीजवळ जाऊन बसायच्या. पाठ चोळायची, मानेखाली खाजवायचं, तिच्याशी बोलायचं. पुढ्यात आंबोण ठेवून, कोमट पाण्यानं कास धुऊन मग सडाला हात लावायचा. आठवडाभरात म्हैस थोडी थोडी पान्हवू लागली. दूध फार नव्हतं, पण हप्ता पुन्हा सुरू झाला.

मी एमएसडब्ल्यू केलंय, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. ते तुम्हाला सांगते.

हातानं पान्हा का फुटतो?

कासेला हात लागला, वासरू दिसलं किंवा ओळखीचा आवाज आला की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा द्रव रक्तात उतरतो. तो कासेतल्या बारीक पिशव्या दाबतो आणि दूध सडात येतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो, म्हणून एकदा पान्हवली की धार थांबवू नये. जनावर घाबरलं, मार बसला, अनोळखी माणूस आला, तर शरीरात उलटा द्रव सुटतो आणि पान्हा अडतो. म्हशीचं बहुतेक दूध वरच्या पिशव्यांतच असतं, त्यामुळे ती जास्त अडून बसते.

सुईतही हेच ऑक्सिटोसिन असतं. पण रोज टोचलं की जनावराला त्याची सवय लागते, सुईशिवाय ते दूध सोडत नाही. तब्येतीला घातक अशी सुई दुधासाठी टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

आपल्याकडे हे जुनंच आहे

सातारा-सांगलीकडे बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतो, हळद आणि लोणी किंवा तेल लावून चोळतो. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती, तिथं माणसं घर सोडून जनावरांजवळ मुक्कामाला राहिली. हा जीव लावणं आपल्या रक्तातच आहे.

बाहेरच्या देशांतही यावर अभ्यास झालाय. व्हिएन्नाच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडलं की मानेखालून कुरवाळलं तर गाई मान लांब करतात, कान सैल सोडतात. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठानं 2009 मध्ये 516 शेतकऱ्यांचा अभ्यास छापला. ज्यांच्या गाईंना नावं होती, त्यांच्याकडे गाईमागे वर्षाला 258 लिटर दूध जास्त होतं. नावात जादू नाही. जी बाई नावानं हाक मारते, तिचं लक्षही असतं, एवढंच.

हात फिरवताना काय बघायचं?

- नाकपुडी ओली आहे का? कोरडी असेल तर लक्ष ठेवा. ताप बघायला थर्मामीटरच लावा. जनावराचं अंग आपल्यापेक्षा नेहमीच गरम असतं, नुसत्या हाताला फसायला होतं.
- डाव्या भकाळीवर मूठ ठेवा. दोन मिनिटांत दोन-तीनदा पोट मुठीला वर ढकलायला हवं. ढकलत नसेल तर पचन बिघडलंय.
- कास चारी बाजूंनी चाचपा. एक सड गरम, कडक किंवा दुखरा असेल तर दगडीची शंका घ्या. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढा, गाठी दिसतील.
- कानामागे, शेपटीखाली, जांघेत गोचीड बघा. अंगावर गाठी लागल्या तर लम्पी असू शकतो.

आणि हात कुठं थांबवायचा?

हे सगळ्यात महत्त्वाचं. स्पर्शानं जनावर शांत होतं, पण दगडी, पोटफुगी, लाळ्या-खुरकूत हातानं बरं होत नाही. "हात फिरवून, ऊर्जा सोडून रोग घालवतो" असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. दगडीत एक दिवस गेला तरी सड कायमचा बसू शकतो. सरळ 1962 या टोल फ्री नंबरवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. गाभडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नका, त्यातून माणसाला दीर्घकाळचा ताप लागू शकतो. कुत्रं चावलेल्या आणि लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका.

बायांनो, गोठ्यातली निम्म्याहून जास्त कामं आपल्याच हातून होतात. त्याच हाताला रोज पाच मिनिटं जास्त द्या. पुढच्या मासिक बैठकीत पशुसखीला बोलवून कास तपासायची पद्धत सगळ्यांनी एकदा करून बघू. कर्ज काढून घेतलेलं जनावर आहे, आजार लवकर कळला तर जनावरही वाचतं आणि हप्ताही.

त्या ताईंनी आता म्हशीचं नाव ठेवलंय, सखू. बैठकीला उशीर झाला की म्हणतात, "सखू सोडत नव्हती." तुमच्या जनावराचं नाव काय? मला भेटल्यावर नक्की सांगा.

तुमची क्षेत्र समन्वयक