वस्तऱ्याची पाठ

इस्लामपुरातल्या कोणत्याही सलूनमध्ये दाढीसाठी खुर्चीत बसलं, की कारागीर आधी नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि त्यातलं अर्धं वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो. दाढी झाली की ते टाकून देतो. धारेचा प्रश्न तेवढ्यातच मिटतो. एचआयव्ही आणि 'ब' प्रकारच्या काविळीच्या धास्तीनं ही पद्धत गावोगावी रुजली आणि ती रुजली हे चांगलंच झालं. मात्र त्या अर्ध्या ब्लेडमुळे न्हाव्याच्या धोकटीतून एक वस्तू निघून गेली, ती म्हणजे वस्तरा पाजवायचा दगड.

धोकटीचा इतिहास मोठा आहे. बारा बलुतेदारांत न्हावी होता आणि त्याची मजुरी सुगीला खळ्यावर धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ही सगळी घडी मांडून ठेवली. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनं मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं. वस्तरा खाली ठेवण्यालाही केवढं वजन असू शकतं, हे त्या दिवसांनी दाखवलं.

इतिहासापेक्षा गुंतवून ठेवते ती त्या पात्याची रचना. जुना वस्तरा हातात घेऊन पाहावा. पातं साधारण १६ मिलिमीटर रुंद, पाठ चार-पाच मिलिमीटर जाड आणि दोन्ही बाजू आतून कोरून काढलेल्या. दगडावर आडवा ठेवला की तो दोनच ठिकाणी टेकतो, पाठीवर आणि धारेवर. धारेचा कोन किती ठेवायचा, हे हाताला ठरवावं लागतच नाही. पाठीची जाडी तो कोन आधीच ठरवून बसलेली असते, सोळा-सतरा अंशांच्या आसपास. पाठ दगडावरून किंचित जरी उचलली गेली तरी धार बोथट होते. आणि दगडावर पाठही धारेबरोबर झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं पाजवूनही कोन जवळपास तोच राहतो. ज्या कोणी ही जुळणी प्रथम साधली, त्याच्या बुद्धीला नमस्कारच करावा.

दगडावर वस्तरा धार पुढे करून चालवतात, चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे करून. चामोटीवर चुकून उलटा ओढला तर चामडं चिरतं आणि धारही जाते. पातं पालटायचं ते पाठीवरून, धारेवरून कधीच नाही. दाब जवळजवळ नसतोच, पात्याचं स्वतःचं वजन पुरतं. दगडावर पाणी असतं आणि पातं पुढे सरकताना त्या पाण्याची लाट धारेवर चढते. टोकापासून टाचेपर्यंत ती सारखी चढली तर धार सगळीकडे टेकते आहे असं समजावं. कुठे पाणी नुसतंच खालून निघून गेलं, तर तिथं अजून काम बाकी आहे. कान देऊन ऐकणाऱ्याला आवाजातला फरकही कळतो. सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ होत जाते.

असा दगड इस्लामपूरच्या वाळवा तालुक्यात मिळत नाही, याचं कारण पायाखालीच आहे. हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसला आहे. बहे गावापाशी कृष्णेच्या पात्रात, रामलिंग बेटाच्या आजूबाजूला तो काळा कातळ उघडा दिसतो. बसाल्ट टणक आहे, पण त्यातली खनिजं वेगवेगळ्या कठीणपणाची असतात आणि पुष्कळदा वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली छिद्रंही असतात. वस्तऱ्याला लागतो तो एकजीव, अतिबारीक कणांचा दगड. बेल्जियममध्ये व्हीलसाल्मच्या परिसरात निघणारा पिवळसर कॉटिक्युल तसा आहे. त्यात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांचा आकार जवळजवळ गोलाकार, म्हणून ते पोलादावर खोल ओरखडा न पाडता उथळ घासतात. अमेरिकेतला अर्कान्सासचा दगड आणि जपानमध्ये क्योटोजवळचे दगड हेही याच घराण्यातले.

इथल्या उसाच्या कोयत्याची गरज निराळी. कानशीनं पाडलेली खरबरीत धारही त्याला चालते. शिकलगारांचा दगड म्हणजे लाख आणि कुरुंदाची पूड एकत्र करून केलेलं फिरतं चाक. तलवारी-कात्र्यांचं काम त्यावर होत आलं. पण कोरड्या चाकावर वस्तऱ्याची बारीक कड क्षणात तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती धार टिकत नाही.

पोलाद मुळात झिजतं तरी कसं? केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ. तरीही एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की केस वाकून तिरका लागला तर तो धारेचा सूक्ष्म टवका काढू शकतो. दाढी भिजवून मऊ करायची आणि प्रत्येक वेळी चामोटीवर हात मारायचा, ही न्हाव्यांची जुनी शिस्त किती शहाणपणाची होती ते यावरून उमगतं.

ती शिस्त दुकानात परत आणायची म्हटलं, तर अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. पहिली आरोग्याची. एकच पातं अनेकांच्या गालावर फिरणार, तर प्रत्येक वेळी ते निर्जंतुक करायला हवं आणि वाफेत साधं पोलाद गंजतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे इस्लामपूरचं नाव राज्यभर झालं. त्याच वर्षी जूनअखेर राज्यातली सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला नाही. त्या अनुभवानंतर गिऱ्हाइकाला कोरं ब्लेड डोळ्यांदेखत उघडलेलं हवं असतं आणि त्यात काहीच गैर नाही.

दुसरी अडचण दगडाची. कारखान्यातल्या दगडावर बारकाईचा आकडा छापलेला असतो, खाणीतल्या दगडावर नसतो. एकाच थरातले दोन तुकडे वेगळे वागतात, म्हणून प्रत्येक दगडाची ओळख वापरूनच करून घ्यावी लागते. शिवाय दगड मधोमध खोलगट होतो. तो वेळोवेळी सपाट केला नाही तर धार वाकडी बसते, आणि त्या वेळी दोष वस्तऱ्याला दिला जातो.

सगळ्यात अवघड अडचण शिकण्याची. लाटेकडे बघणं, आवाज ऐकणं, केसाचं टोक धारेवर टेकवून पारख करणं हे शेजारी बसूनच शिकता येतं. ज्यांनी तरुणपणी वस्तरे पाजवले ते कारागीर आता थकले आहेत आणि दुकानात बसलेल्या त्यांच्या मुलांना याची गरज पडलेली नाही. घरी स्वतःपुरता वस्तरा वापरणाऱ्यांना आरोग्याची अडचण नाही. पण नैसर्गिक दगड महाग, तो बाहेरून मागवायचा आणि शिकवणारा कुणी जवळ नाही.

तरी ज्यांच्या घरात आजोबांचा वस्तरा आहे, त्यांनी तो पेटीतून काढून उजेडात धरावा. पाठ दोन्ही बाजूंनी सारखी झिजली आहे का, धारेला तडा आहे का, गंज कुठवर पोचला आहे, हे आधी बघावं. गंज वरवरचा असेल तर तो निघतो. त्याचे खड्डे धारेपर्यंत गेले असतील तर तेवढं पोलाद घासून काढावं लागतं, पातं अरुंद होतं आणि पाठीनं ठरवलेला कोन वाढतो. थोडं तेल लावून ठेवलेला वस्तरा मात्र अनेक वर्षांनीही दगडावर पुन्हा उभा राहतो. तो घेऊन एखाद्या जुन्या कारागिराकडे जायचं असेल, तर यंदाच जावं.