पित्त, पाकिटं आणि पेन्सिल

आईचं डोकं दुखायला लागलं की आमचं सगळं घर कुजबुजत बोलायचं. खिडक्या बंद, तिच्या कपाळावर सुंठेचा लेप, उशाशी पातेलं. उलटी झाली की तिला जरा बरं वाटे, म्हणून निदान ठरलेलं: ‘पित्त’. ती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ते दुखणं माझ्याही वाट्याला आलं होतं.

मी 40 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निरीक्षणाची नोंद केल्याशिवाय विद्यार्थ्याला प्रयोगशाळेबाहेर सोडलं नाही. पण स्वतःच्या डोक्याची नोंद कधी केली नाही. दुखलं की गोळी. भारतातून आणलेली पाकिटं खणात असायचीच. काही वर्षांपूर्वी इथल्या जीपींनी विचारलं, “महिन्यातून किती दिवस गोळी घेता?” मी म्हणालो, “चार-पाच.” त्यांनी लिहून ठेवायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी पेन्सिलीने फुल्या मारू लागलो. महिनाअखेर मोजल्या, तर 19!

गोळीनेही डोकं दुखतं, हे मला पीएच.डी. असून ठाऊक नव्हतं. अर्धशिशी असलेल्याने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि कोडीन, ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामकं 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या औषधांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. ती थांबवताना सुरुवातीला त्रास आणखी वाढतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावीत. माझे ते पहिले दोन आठवडे वाईट गेले. आता महिन्याला तीन-चार फुल्या असतात.

फुल्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यातल्या काही नेमक्या संकष्टीला किंवा दुसऱ्या दिवशी होत्या. जेवण चुकणं हे अर्धशिशीचं नेहमीचं निमित्त, आणि इथल्या उन्हाळ्यात चंद्रोदयाला फार उशीर होतो. आता बाप्पाची क्षमा मागून मी दुपारी पोटभर फराळ करतो. कुणाचं निमित्त जागरण असतं, कुणाचं उग्र वास, कुणाची मासिक पाळी. आपलं कोणतं, ते आपल्याच नोंदीतून कळतं.

औषधांविषयीही विचारून घ्यावं. झटका रोखण्यासाठी रोज घ्यायच्या गोळ्यांत प्रोप्रानोलॉल आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन असतात. पहिली रक्तदाबावर, दुसरी नैराश्यावरही देतात. पाकिटातला कागद वाचून “मला कुठे नैराश्य आहे?” म्हणत ती गोळी आठवड्यात सोडणारे आपल्यात आहेत. गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दमा असेल, तर प्रोप्रानोलॉलआधी तो सांगायलाच हवा. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसणाऱ्या मुलींनी गर्भनिरोधक गोळी घेण्यापूर्वी तसं डॉक्टरांना सांगावं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने त्यांना पक्षाघाताचा धोका वाढतो.

विचारायला संकोच कसला? या देशात 1996 पासून रुग्णहक्कांची संहिता कायद्याने लागू आहे. पूर्ण माहिती मिळणं आणि ती आपल्याला समजेल अशा रीतीने मिळणं, हे तिच्या दहा हक्कांतले दोन. गरज असेल आणि शक्य असेल, तिथे दुभाषाही मिळतो. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी तो जरूर मागा.

मात्र एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा, बोलणं अडखळणं, तापाबरोबर मान आखडणं, यांपैकी काही दिसलं तर नोंदी करत बसू नका. 111 ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखू लागलं, तरी ‘पित्त’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना लवकर दाखवा.

आईला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. नवं कालनिर्णय लवकरच भिंतीवर लागेल. शेजारी एक पेन्सिल बांधून ठेवा.