दुसऱ्या दिवसाची बट्टी

जळगाव-धुळ्याकडे भंडारा असो की घरचं कार्य, पंगतीला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी हवीच. बट्ट्या कुणी मोजून करत नाही. ऐनवेळी चार पानं वाढली तर कमी पडू नयेत म्हणून जास्तीच्याच वळतात. साहजिकच सकाळी पातेल्यात थोड्या उरतात. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचं असंच होतं. उरलेलं मांस भाज्या, नूडल्स आणि दाट सॉसमध्ये मिसळून ओव्हनमध्ये भाजतात, त्याला कॅसरोल म्हणतात आणि त्याच्या पाककृती हौसेने छापतात. आपल्याकडे बट्टीचा चुरा मात्र ‘उरलंसुरलं संपवणं’ या खात्यात जमा होतो. खरं तर तो स्वतंत्र पदार्थ आहे, आणि त्याला कसब लागतं.

जाडसर दळलेला गहू, थोडा मका, ओवा, जिरं, हळद आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळलेली बट्टी आधी उकडतात, मग कापून तळतात. म्हणजे न तळलेली बट्टी हा अर्धा झालेलाच स्वयंपाक असतो. रात्रभरात तिच्यातला स्टार्च घट्ट होतो आणि ती कडक होते. सकाळी करणारी बाई ती हाताने फोडते, पण पीठ करत नाही. हरभऱ्याएवढे खडे राहू देते, कारण बारीक चुरा पाण्याच्या हबक्याने गचका होतो. तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची आणि ठेचलेला लसूण पडतो. सगळी मदार या लसणावर. कच्चा राहिला तर उग्र, करपला तर कडू. तांबूस होऊन खमंग वास सुटला की त्याच क्षणी चुरा टाकायचा. वर पाण्याचा हबका आणि झाकण. वाफेने तोच कडक स्टार्च पुन्हा मऊ होतो आणि तळाचे खडे कुरकुरीत होतात. ताज्या बट्टीत हा दुहेरी पोत मिळत नाही.

शिळं अन्न बाधतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. खानदेशच्या मे महिन्यात रात्रभर उघड्यावर राहिलेलं वरण टाकून द्यावं, कारण काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही. पण वेळीच झाकून गार जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवलेल्या बट्टीला तोच न्याय लावणं म्हणजे सरसकट फेकण्याला सबब शोधणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. त्यात सालं-देठंही धरलेली आहेत, हे मान्य; तरी ५५ किलो म्हणजे काही नुसती सालं नव्हेत.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. काटकसरीचं कौतुक होत आलं, पण शिळं खाल्लं कुणी? बहुतेक घरांत सुनेनं, आणि तेही सगळ्यांची जेवणं झाल्यावर. ५५ किलोंचा आकडा घरातल्या एका बाईच्या पोटावर भागवायचा असेल, तर त्या काटकसरीला गुण म्हणता येणार नाही. याला उत्तर पदार्थ टाकून देण्यात नाही, वाढण्याच्या पद्धतीत आहे. चुरा सकाळच्या न्याहारीला, गरम असताना, सासऱ्यापासून नातवापर्यंत सगळ्यांच्या ताटात पडला पाहिजे. तसं होत नाही तोवर त्याचे गोडवे गाण्याचा अधिकार खाणाऱ्यांना नाही.